पहिल्या बाकावरची जागा

१४ ऑक्टोबर २०२४. रुपये ६४०. पुठ्ठे, रंग आणि चित्रांच्या छपाईची पावती स्वप्नालीने पुढे केली, तेव्हा गुणमाला चौगुले बाईंनी पर्समधून पाचशेची नोट काढून दिली. "राहिलेले देते गं उद्या. सुटे नाहीत."

बाई कवठे महांकाळच्या एका अध्यापक विद्यालयात तीस वर्षे शिकवत होत्या. ऐकू न येणाऱ्या, उशिरा समजणाऱ्या, आईबापांमागे गावोगाव फिरणाऱ्या मुलाला इतरांबरोबर एकाच वर्गात कसे शिकवावे, हा अलीकडे त्यांचा विषय होता. स्वप्नाली त्यांची विद्यार्थिनी. तिचा परीक्षेचा पाठ शुक्रवारी वस्तीवरच्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर होता. त्या वर्गात बिराप्पा होता. त्याला फार कमी ऐकू येई. चित्रांचे पुठ्ठे त्याच्यासाठीच होते आणि तीन-चार दिवसांतच तो त्यांवर बोट ठेवून धडा सांगू लागला होता.

त्याची आई सुलाबाई एकदा शाळेच्या दारात येऊन म्हणाली होती, "शनवारी आमी मेंढरं घिऊन शिराळ्याकडं निघतूय. सुक्करवारी सायबासमोर पोरगं बोललं तर भावाकडं ठीवीन. न्हाईतर नेती संगं. मेंढरामागं कान लागत न्हाईत."

गुरुवारी बाईंनी त्या शाळेचे मुख्याध्यापक आप्पासो यांना नेहमीसारखा फोन केला. "उद्या परीक्षक येणार आहेत. वर्ग नीट ठेवा हं."

"काळजीच सोडा, बाई. तुमचा पाठ कवा बिघडलाय का आमच्याकडं?"

शुक्रवारी पहिल्या बाकावर एक जागा मोकळी होती. स्वप्नालीने दोनदा दाराकडे पाहिले, मग पुठ्ठे वर धरले. मुलांनी भराभर उत्तरे दिली. परीक्षकांनी वीसपैकी अठरा गुण दिले आणि पुठ्ठ्यांचे कौतुक केले.

"बिराप्पा कुठं आहे?" बाईंनी आप्पासोंना बाजूला घेऊन विचारले.

"घरी ठेवायला सांगितलं की. पाठाला अडणारी पोरं आपण कवा बसवतो? तुम्हीच लावलेली पद्धत हाय."

ते खोटे नव्हते. पाठाच्या दिवशी अडखळणारी मुले घरी ठेवायची, ही सोय बाईंनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी मागून घेतली होती. पुढे विषय बदलला, पुस्तके बदलली. ही सोय बंद करा, असे सांगायचे मात्र राहून गेले होते.

शाळा सुटल्यावर त्या स्वप्नालीला घेऊन वस्तीवर गेल्या. सुलाबाई घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती. बिराप्पा धुतलेल्या गणवेशात शेजारी उभा होता.

"सुलाबाई, चूक आमची झाली. त्याला राहू द्या."

"आवं बाई, आंगूळ घालून तयार केला हुता. सायबासमोर बसवायची तुमास्नी लाज वाटली. उद्या न्हाई वाटायची व्हय?"

स्वप्नालीने एक पुठ्ठा बिराप्पापुढे धरला. त्याने चित्रावर बोट ठेवले, मोठ्याने "पाऊस" म्हटले आणि आईकडे पाहिले. सुलाबाईने दोरीची गाठ आवळली.

शनिवारी कळप गेला. हजेरीत बिराप्पाच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडला. स्वप्नाली पास झाली. पुढच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला स्वप्नाली आली नाही.

तिचे एकशेचाळीस रुपये बाईंकडून अजून येणे आहेत.