दाराआडचा टॉवेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, मी सकाळी आतल्या खोलीत ध्यान करतो. वाटू दिलं.

अकोल्यात, जठारपेठेत, माझा योगवर्ग आहे. बरीच वर्षं झाली. पाय लांब करून बसायचं, श्वास सोडत वाकायचं, कपाळ गुडघ्यांना लावायचं — पश्चिमोत्तानासन. माझं कपाळ अलगद टेकतं. लोक बघत राहतात. मग मी म्हणतो, हे श्वासाचं काम आहे, ओढाताणीचं नाही. म्हणताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण वर्गाआधी वीस मिनिटं दार लावून मी काय करतो? पाठीवर पडतो, तळपायाला टॉवेल अडकवतो आणि एकेक पाय ओढून धरतो. अमरावतीला कॉलेजात कबड्डी खेळताना शिकलेलं साधं स्ट्रेचिंग. माझं अंग मुळात ताठ. तसाच वाकलो तर हात जेमतेम नडगीपर्यंत जातात.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? स्ट्रेचिंगनं अंग मोकळं होतं, योगानंही होतं. एकात नेमका तो स्नायू धरून ताणायचा. दुसऱ्यात श्वास, तोल, लक्ष, सगळंच लागतं — आणि धीर फार लागतो. मी दोन्ही करतो, एवढं सांगितलं असतं तर काय गेलं असतं माझं? थोडी वाहवा. बस.

सुमनताई तेल्हाऱ्याहून मुलाकडे राहायला आल्या होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. विहारात वंदनेला बाकीच्या बायांसारखं खाली बसता यावं, एवढ्यासाठी वर्गाला यायच्या. एकदा वर्ग सुरू व्हायच्या आधी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, डॉक्टरनं टॉवेलानं पाय ओढाचा व्यायाम सांगतला. करू का?"

टॉवेल तेव्हा माझ्या खांद्यावरच होता. नुकताच वापरलेला.

मी म्हणालो, ते व्यायामशाळेतले प्रकार सोडा, आसनावर भरवसा ठेवा. त्यांनी ठेवला. आठवडाभरात, सगळ्यांसोबत वाकताना, जोर करून कपाळ टेकवायला गेल्या आणि कंबर धरून तिथेच आडव्या झाल्या. आणि मी — सगळ्यांसमोर — म्हणालो, "ताई, तुमचं मन दुसरीकडे होतं."

घाबरलो होतो. पण घाबरलेल्या माणसाला खरं बोलता येत नाही असं थोडंच आहे?

त्या परत आल्या नाहीत. मी साधी विचारपूस करायलाही गेलो नाही.

मागच्या महिन्यात भाजीबाजारात भेटल्या. हातात काठी होती. विहारात आता मागे खुर्चीवर बसतात, असं त्यांनीच सांगितलं. माझा चेहरा पडलेला दिसला असावा, कारण उलट माझीच समजूत घालू लागल्या. "तुमी वाईट नका वाटून घेऊ, सर. तुमी तं चांगलंच शिकवलं. मायंच मन नाही लागलं."

मी 'हो' म्हणालो. त्यांची पिशवी ऑटोपर्यंत नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाआधी आतल्या खोलीत गेलो, दाराला कडी लावली आणि टॉवेल घेतला.