घरासकट नणंद

नवरा गेल्यावर ओतिलियाबाई आमच्या बेटावर एकट्याच राहिल्या. ओहोटीला समुद्रशेवाळ गोळा करून वाळवायचं, वाफ्यांत बटाटे लावायचे आणि कुंपणापलीकडच्या नणंदेशी, म्हणजे ब्रिहिदाबाईंशी, अजिबात बोलायचं नाही, हा त्यांचा दिनक्रम. नऊ वर्षांपूर्वी ब्रिहिदाबाईंचा मेंढा नाहीसा झाला होता. त्यांचा संशय वहिनीवर.

ओतिलियाबाईंची लेक यास्ना खाडीपलीकडे सॅमन माशांच्या कारखान्यात कामाला होती. तिला मूल झालं, तशी ती म्हणाली, "आई, इकडेच ये राहायला."

"येते. घर घेऊनच येते," बाई म्हणाल्या.

चिलीतल्या आमच्या चिलोए बेटांवर यात नवल काही नाही. घरं लाकडाची. बैल जुंपून किनाऱ्यावर ओढायचं, खाली रिकामी पिंपं बांधून भरतीला तरंगवायचं. मजुरी कोणी घेत नाही, पण घरवालीनं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. बाई रीतसर दारोदार जाऊन बोलावणं करून आल्या. एक दार तेवढं सोडलं.

मार्चातल्या त्या सकाळी दहा बैलजोड्या आल्या. खिडक्या काढल्या, चूल बाहेर आणली, दोर आवळले. म्हातारे नेफ्तालीकाका हाकारा देणार, इतक्यात ब्रिहिदाबाई स्टूल आणि विणकाम घेऊन आल्या आणि सरळ आत जाऊन स्वयंपाकघरात बसल्या.

"हे घर माझ्या बापानं बांधलंय. अर्धं माझं. तुम्ही तुमचं अर्धं न्या."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ब्रिहिदा, बैलांना अपूर्णांक येत नाहीत गं."

"मग शिकवा. मला घाई नाही."

भरती तर चढत होती. काका म्हणाले, "राहू दे. तिचं असं काय वजन!"

"जिभेचं धरलंत का त्यात?" ओतिलियाबाईंनी विचारलं.

बैल निघाले. उतारावर घर असं हिंदकळलं की लोकरीचा गुंडा दारातून उडाला आणि बैलांच्याही पुढे गडगडत गेला. नणंद मात्र आतच.

पाण्यातून घर ओढायला माझी बोट होती. ओतिलियाबाई माझ्या बोटीतच बसणार होत्या. एक पाय आत टाकला आणि थबकल्या. "ती एकटी, माझ्या घरात? पोचेपर्यंत एकेक डबा उघडून बघेल!" तशाच गुडघाभर पाण्यातून गेल्या आणि खिडकीच्या भोकातून आत चढल्या.

मी इंजिन जरा हळूच ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला ऐकायचं होतं. पहिला मैल सगळा मेंढ्यावर गेला. तो मेंढा कोणी कापला, हे मला पक्कं ठाऊक होतं. चवही आठवत होती. पण बोट चालवताना माणसानं बडबड करू नये. दुसऱ्या मैलात मात्र सूर बदलला.

"वहिनी, पाणी!"

"दिसतंय की! आंधळी आहे का मी?"

"मग पातेलं दे ना!"

"वन्सं, तुमच्या अर्ध्यातूनच येतंय ते!"

मी वळून पाहिलं. एकीच्या हातात पातेलं, दुसरीच्या हातात किटली, दोघी खिडकीतून पाणी उपसत होत्या आणि धाप लागेपर्यंत हसत होत्या. पुढे मी कारण विचारलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, "कोण हसलं?"

पलीकडच्या बैलांनी घर चढावर नेलं. मग खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाट्याच्या पोळ्या शिजल्या, सफरचंदाची दारू फिरली. ब्रिहिदाबाईंनी तीनदा वाढून घेतलं आणि पोळीत मीठ कमी असल्याचं सगळ्यांना सांगितलं. रात्रीपासून उत्तरेचा वारा सुटला. सहा दिवस बोटी बंद.

वारा पडल्यावर मी ब्रिहिदाबाईंना परत आणायला गेलो. "परवा ये. माझ्याशिवाय बाळ झोपत नाही," त्या म्हणाल्या. परवा गेलो, तर बाळाला सर्दी. तिसऱ्या खेपेला त्यांनी मलाच यादी दिली, आणि मी त्यांचे कपडे, बटाट्याचं बियाणं आणि पाच कोंबड्या तिकडे पोचवल्या.

आता बाळाला आधी कोणी चालवलं, यावरून दोघींचं रोज वाजतं. सुट्टीच्या दिवशीही यास्ना कारखान्यात जाते. तिथं यंत्रांचाच काय तो आवाज, म्हणते.