समोर बसायला कुणीतरी

पदार्थविज्ञान विभागात शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. वय एकोणपन्नास. सव्वीस वर्षं त्या विभागाच्या प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळत होत्या. लग्न केलं नव्हतं. घरी आई होती, आणि आईला गेली अकरा वर्षं विसरण्याचा आजार होता. दर दहा मिनिटांनी ती विचारायची, "दार लावलंस का ग?" ताई म्हणायच्या, "लावलं, आई." पहिलं वर्षभर त्या चिडायच्या. नंतर चिडणंही संपलं.

हिवाळ्यात आई गेली. भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच शब्द उच्चारला, सुटलीस. परगावाहून आलेला दादासुद्धा परत निघताना बॅग हातात घेऊन तेच म्हणाला, "सुटलीस ग बाई." ताईंनी मान हलवली. सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं काहीतरी त्यांचं झालं होतं, फक्त गालापुरतं नाही. आठवड्याने त्या कामावर आल्या. घरी स्वयंपाक करत, जेवत, झोपत. चार महिन्यांनी शेजारच्या वहिनींनी त्यांच्याकडची भाजी चाखली आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय का?" तेव्हा त्यांना कळलं, की भाजीत मीठ नसतं.

त्याच सुमारास विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं. "विद्यापीठाला मल्टिमीडिया प्रयोगशाळा उभी करायचीय. प्राध्यापकांचे पाठ चित्रित करायचे आणि ऑनलाइन द्यायचे. सामान आलंय. खोली मात्र मिळालेली नाही."

"आधी सामान आलं?"

"आधी सामान," ते खाली बघत म्हणाले.

नालासाठी घोडं घ्यावं तसा प्रकार होता. कॅमेरे, दिवे, माइक, चार संगणक आणि एक हिरवा पडदा सात महिने व्हरांड्यात खोक्यांत पडून होते. कारकून मंडळी दुपारी कॅमेऱ्याच्या खोक्यावर डबे उघडून जेवत. ताईंनी खोकी मोजली, यादी केली आणि तळमजल्यावरची काचसामानाची जुनी खोली मागून घेतली. कुणाला ती नकोच होती.

खोली रिकामी झाल्यावर त्यांनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी भिंतींवर आपटून परत आली. इथे कुणी बोललं तर विहिरीतून बोलल्यासारखं वाटणार, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी सुताराकडून भिंतींवर जाड फोम ठोकून घेतला, जमिनीवर सतरंजी अंथरली, खिडक्यांना दुहेरी पडदे लावले. रोज सकाळी एक टाळी वाजवायच्या. तिसऱ्या आठवड्यात टाळी जिथल्या तिथे मेली. सुतार म्हणाला, "ताई, इथे जरा वेळ उभं राहिलं तर कान दुखतात. किती शांत झालंय." ताईंना ती खोली आवडली होती, पण आवडली असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

एका ठिकाणी घोडं अडलं होतं. कानाला हेडफोन लावले की मागे बारीक घरघर ऐकू यायची. ट्यूबलाइट काढून नवे दिवे लावले, पंखा बंद केला, संगणक बाहेर नेऊन ठेवले, तरी घरघर होतीच. दोन दिवस भिंतीला कान लावून शोधल्यावर सापडली. पलीकडे जीवशास्त्राचा जुना फ्रिज होता. जीवशास्त्राचे सर म्हणाले, चित्रण चालेल तेवढा वेळ बंद करा, पण चालू करायला विसरलात तर माझे वर्षभराचे नमुने सडतील. ताई म्हणाल्या, "विसरणार नाही." आणि फ्रिज बंद करताना स्वतःच्या घराची किल्ली त्यात ठेवू लागल्या. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

पहिला पाठ गणिताच्या बाईंचा ठरला. बाई चार महिन्यांनी निवृत्त होणार होत्या आणि छत्तीस वर्षं त्यांच्या तासाला दारात उभं राहून ऐकणारी मुलं असायची. पण कॅमेऱ्यासमोर त्यांची बोबडी वळली. तीनदा सुरुवात केली, तीनदा थांबल्या.

"मला भिंतीशी बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "समोर बसायला कुणीतरी लागतं."

विभागाला सुट्टी होती, दुसरं कुणी नव्हतं. ताईंनी कॅमेरा सुरू केला, एक खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवली आणि स्वतःच बसल्या.

बाईंनी फळ्यावर शून्य दशांश नऊ नऊ नऊ असं लिहिलं, पुढे टिंबं काढली. हे नऊ कधीच संपत नाहीत, असं सांगून म्हणाल्या, ही संख्या आणि एक, दोन्ही एकच. जवळजवळ नव्हे, एकच. मग ताईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "कळलं?"

"नाही कळलं," ताई म्हणाल्या. "थोडंसं तरी कमी असेलच ना?"

"किती कमी?"

"थोडं. ते नऊ एकाकडे जातायत, पण पोचत नाहीत."

"कुठे जात नाहीयेत हो. ती संख्या आहे, बस नाही." बाईंचा हात आता सुटला होता, आवाज वर्गात लागतो तसा लागला होता. "दोन संख्या वेगळ्या असल्या की त्यांच्या मधे आणखी एक बसवता येते. या दोघींच्या मधे कुठली बसवाल?"

ताईंनी विचार केला. खरंच केला. बऱ्याच महिन्यांत त्यांनी कशाचा असा विचार केला नव्हता. "सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण कमी आहे असं वाटतंय."

"वाटू दे. पुन्हा सांगते." आणि बाईंनी दुसऱ्या वाटेने सांगितलं, मग तिसऱ्या. एकदाही वैतागल्या नाहीत. ताईंना आठवलं, की एवढ्या वेळा एकच गोष्ट शांतपणे सांगणारी व्यक्ती आजवर त्या स्वतःच होत्या.

पाठाची काटछाट करताना त्यांनी आपला आवाज काढून टाकायला घेतला. बाईंनी अडवलं. "ते प्रश्न काढलेत तर माझी उत्तरं कुणाला? राहू द्यात."

पाठ ऑनलाइन गेला. महिन्याभराने दादाच्या मुलीचा फोन आला. ती दूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

"आत्या, गणिताच्या त्या पाठात प्रश्न विचारणारी तू आहेस ना?"

"हो. तुला कुठे दिसला?"

"आमच्या सरांनीच बघायला सांगितला. मलाही नेमकं तिथेच कळत नव्हतं." जरा थांबून ती म्हणाली, "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आजीच विचारतेय."

हे बोलून गेल्यावर मुलगी घाबरली. "आत्या, वाईट वाटलं का?"

"नाही," ताई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. "जेवतेस ना नीट?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडफोन लावून स्वतःचा आवाज पुन्हा ऐकला. थोडंसं तरी कमी असेलच ना. आईसारखा आहे का, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी फाइल बंद केली आणि पुढचं काम घेतलं.

मग रांगच लागली. अर्थशास्त्राचे सर आले, इतिहासाच्या मॅडम आल्या, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, ताईंना समोर बसवा. ताई बसायच्या. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा कळलेलं नसायचं. विभागप्रमुखांनी सामानाच्या नोंदवहीत संगणकांच्या खाली लिहायला लावलं: खुर्ची, श्रोत्याची, एक. तपासायला आलेल्या समितीने त्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अत्यावश्यक उपकरण आहे."

पावणेदोन वर्षांत एकशे बारा पाठ झाले. त्यातला एकशे तिसरा शेतीशास्त्राचा होता. तरुण सर सांगत होते, की चिकण मातीत पाणी का तुंबतं, वाळूत का टिकत नाही. दोन बरण्या समोर होत्या, सर त्यांत पाणी ओतत होते. ते ओतता ओतता थांबले.

"ताई, दिवे डोळ्यांवर येतायत का? जरा वळवू?"

ताईंनी गालाला हात लावला. गाल ओला होता. कशाने, ते त्यांना सांगता आलं नसतं. मातीचा आणि आईचा काही संबंध नव्हता, त्या क्षणी त्या आईचा विचारही करत नव्हत्या.

"दिवे ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे सांगा. चिकण मातीतलं पाणी शेवटी जातं कुठे?"

सरांनी बरणी उचलून कॅमेऱ्याजवळ धरली आणि सांगायला लागले.