पाण्याचा घोट

समाधान वानखेडेला ऑफिसातले लोक ‘संशयी’ म्हणत. काम झालं की बाकीचे चहाला पळत. हा मात्र झालं म्हणजे नक्की काय झालं, ते बघत बसे. दर शनिवारी हा संशयी हडपसरहून बाइक हाणत कर्वेनगरला जाई आणि अंधांसाठीच्या बोलत्या पुस्तकांचा सर्व्हर फुकट सांभाळे. त्यात मोठेपणा नव्हता, ऋण होतं. वडिलांची, नागोरावांची, नजर काचबिंदूने गेली तेव्हा कारखान्यातला हा खमका माणूस सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यांना तिथून उठवलं ते विजयमालाबाईंच्या आवाजाने. या निवृत्त शिक्षिकेने वाचलेली पुस्तकं नागोराव वर्षानुवर्षं ऐकत आले होते.

आता बाई नव्हत्या. मूळ कॅसेटी बुरशीने गेल्या होत्या. त्यांचं वाचन उरलं होतं ते सर्व्हरमधल्या दोन डिस्कवर, दोन्हींवर सारखंच. महिन्यातून एकदा यंत्र दोन्ही ताडून बघे आणि फरक शून्य दाखवे.

२०११ च्या जूनमध्ये शून्य आला नाही.

दुरुस्तीचा हुकूम एका ओळीचा. पण यंत्राला खरं-खोटं कळत नाही; ते पहिल्या डिस्कवरचं मुकाट दुसरीवर उतरवतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी समाधानने असा हुकूम सोडून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्यात काय पुसलं गेलं, हे त्याला कधीच कळलं नाही. ते अजून टोचत होतं.

म्हणून त्याने आधी फरकाची जागा शोधली. हिमालयातल्या चढणीचं पुस्तक, सातवं प्रकरण, जेमतेम चार सेकंद. पहिल्या डिस्कवर तिथे शांतता होती. दुसरीवर बाई म्हणत होत्या, “माफ करा हं, पाणी पिते.” आता खरं कोणतं? बाई तिथे नुसत्या थांबल्या असतील आणि हे वाक्य दुसऱ्याच प्रकरणातून भरकटून आलं असेल, तर? विचारायचं कुणाला?

त्याने दोन्ही प्रती घरी आणल्या. रविवारी सकाळी काही न सांगता पहिली लावली. नागोराव चहाची कपबशी धरून ऐकत होते. ती शांतता आली. त्यांनी बशी खाली ठेवली.

“काऊन रे, बाई आज पाणी नाही प्यायल्या?”

समाधानने वाचन थांबवलं. “नेहमी पितात, बाबा?”

“इथंच पितात. चढण संपली की.”

समाधान सुटी नसतानाही सोमवारी कर्वेनगरला गेला. पहिली डिस्क जोडीतून काढली, कोरी केली आणि दुसरीवरून नव्याने लिहून घेतली. पुन्हा ताडून पाहिलं. शून्य. त्या शून्याकडे बघत तो मनापासून म्हणाला, “बाई, तुमचे फार उपकार आहेत.” शेजारच्या टेबलावरच्या कल्याणीताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “सर्व्हरशी बोलून झालं असेल तर पंखा बंद करून जा,” म्हणाल्या.

संध्याकाळी घरी त्याने सातवं प्रकरण लावलं. चढण संपली.

“माफ करा हं, पाणी पिते,” बाई म्हणाल्या.

“प्या बाई, दमानं,” नागोराव म्हणाले, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबले.