कॉम्प्युटरमधले फादर

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघणार आहात, ती मला ठाऊक आहे. माणूस चुकतो, मान्य. पण चपला बाहेर काढून, इतक्या श्रद्धेने चुकलेला माणूस ठाण्यात तरी दुसरा नसेल.

नव्वदचं दशक संपत आलेलं. इंटरनेट हा शब्द घराघरांत शिरलेला, वस्तू अजून शिरायची होती. माझी मुलगी मानसी चर्चच्या आवारातल्या प्राथमिक शाळेत, चौथीला. आम्ही काही ख्रिश्चन नव्हे, पण त्या शाळेवर भारी जीव. त्याला कारण मुख्याध्यापिका, सिस्टर बेनेडिक्टा. ठेंगण्याशा, आवाज कधी चढायचा नाही, आणि प्रत्येक पोराचं नाव, घर, दुखणं तोंडपाठ. आमच्या गणपतीचे मोदक त्या आवडीने खायच्या, आणि नाताळच्या नाटकात मानसी मेंढपाळ व्हायची. हे कुणालाच वेगळं वाटायचं नाही.

तर सिस्टरांनी ठरवलं, शाळेला इंटरनेट घ्यायचं. पालकसभेत विषय निघताच कोण उठलं? अर्थात मी. कोलशेतच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो, दिवसभर ट्रकवाल्यांवर ओरडायचो. त्यामुळे सभा दिसली की मला भाषण फुटायचं.

"सिस्टर, आमची मुलं भोळी आहेत. पलीकडून कुणीही विचारेल आणि ही सगळं सांगून मोकळी होतील. नकोच ते."

टाळ्या पडल्या. अर्धी सभा माझ्या बाजूला झुकली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. कनेक्शन तात्पुरतं लावून घेतलंय, शनिवारी या, स्वतः बसून बघा. पुढच्या सभेत तुम्ही नको म्हणालात तर मी कनेक्शन काढून टाकीन."

म्हणजे बघा, अख्ख्या शाळेचं इंटरनेट माझ्या एका शब्दावर. बायकोला हे मी जेवताना, आवरताना आणि झोपताना सांगितलं.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून तेव्हा चपला बाहेर काढायला लावायचे. मी काढल्या, आणि सवयीने उंबऱ्याला हात लावून कपाळालाही लावला. सिस्टरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मॉडेम किंचाळून गप्प झाला.

"मुलांना इथे एकच नियम," त्या म्हणाल्या. "अनोळखी माणसाला नाव, पत्ता, घरचं काही सांगायचं नाही. तुम्ही बसा, मी आलेच."

त्या गेल्या आणि थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं उमटली. लिपी इंग्रजी, भाषा मराठी. "नमस्कार. मी फादर. चर्चच्या ऑफिसमधून."

आता मला सांगा, फादर काय अनोळखी? आमचे फादर वसईकडचे, अस्सल मराठी बोलणारे, भेटले की खांद्यावर हात ठेवून चौकशी करणारे. मी खुर्चीतून उठलो. पडद्यासमोर उभा राहून "गुड मॉर्निंग, फादर" म्हणालो. मग लक्षात आलं की टाइप करायचं असतं.

"कोण बोलतंय?"

एका बोटाने नाव टाइप केलं, मुलीच्या वर्गासकट.

"राहता कुठे?"

दिला पत्ता. वर खूणही दिली, खाली पिठाची गिरणी आहे म्हणून.

"दुपारी घरी कोण असतं?"

"कुणी नाही, फादर. मिसेस पण नोकरीला."

"हल्ली चोऱ्या फार होतात. काळजी घेता ना?"

किती ती माया. मला भरून आलं. लिहिलं, "काळजी नसावी. दाराची किल्ली शेजारच्या सावंतवहिनींकडे असते आणि कपाटाची तांदळाच्या डब्यात."

 मग, "मनावर काही ओझं आहे का, लेकरा?"

फादरांना सांगितलेलं बाहेर जात नाही, हे मी ऐकून होतो. आमच्यात अशी सोय कुठे? बायकोला वाटायचं मी दर गुरुवारी कडक उपास करतो. खरं तर गुरुवारी कंपनीच्या गेटवरचा ऑम्लेट-पाववाला माझं डबल ऑम्लेट तयारच ठेवायचा. टाइप केलं सगळं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

"काय, जमतंय का?" मागून आवाज आला.

वळून बघतो तर दारात फादर. हातात खुरपं, बोटांना माती, थेट बागेतून आलेले. मी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडद्यावरचे फादर विचारत होते, "ऑम्लेटमध्ये कांदा घालतात का?"

"फादर, तुम्ही इथे? मग हे कोण?"

फादर चष्मा वर करून वाचायला वाकले, तसा मी दोन्ही हातांनी पडदा झाकला. आणि तसाच अनवाणी चर्चच्या ऑफिसकडे पळालो.

आत एका बाकावर दाटीवाटीने चौथीची चार मुलं, मागे सिस्टर, आणि कीबोर्डवर माझी मानसी.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही एकदा पण नाही विचारलं, खरंच फादर आहात का ते."

चिडवत असती तर परवडलं असतं. तिला माझी काळजी वाटत होती.

माझ्या मागोमाग फादर आले. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला बागेतच थांबा म्हटलं होतं ना?" मग माझ्याकडे वळल्या. "नाव काय, कुणीही लिहील. मुलांना मी तेवढंच शिकवलंय. प्रश्न सगळे त्यांचेच. आणि तुमचं कपाट काय, गुरुवार काय, या खोलीबाहेर जाणार नाही."

खरंच गेलं नाही. मानसीने घरी गुरुवारबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त तांदळाच्या डब्यातली किल्ली हलवायला लावली. कुठे हलवली ते आईला माहीत, तिला माहीत. मला नाही सांगितलं.

पुढच्या सभेत मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. एका वाक्यात माझी अब्रू काढता आली असती त्या बाईंना. त्या एवढंच म्हणाल्या, "यांनी स्वतः बसून बघितलंय. यांचं मत ऐकू या." मोठं मन म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं.

मी उभा राहिलो. भाषण काही फुटेना. "मुलांना खुशाल द्या, सिस्टर," मी म्हणालो. "फक्त आम्हा पालकांना तिथे एकटं बसू देऊ नका."

सभा खो खो हसली. सगळ्यांना वाटलं, विनोद केला. पुढे सतरंजीवर बसलेली चौथीची ती चार मुलं मात्र हसली नाहीत. त्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या, आणि मानसीने हात वर केला.

"सिस्टर, पप्पांबरोबर मी बसेन."