फोटो काढणाऱ्या वहिनी आणि माझं नाक

“कुठली बाजू?”

दार उघडलं की वहिनींचा हा पहिला प्रश्न. चहापाणी, मुलीचा अभ्यास, सगळं नंतर. प्रश्न माझ्या बायकोला असायचा आणि विषय असायचा माझं नाक. मग मला खिडकीपाशी उभं करून आधी डावीकडे, मग उजवीकडे मान वळवायला लावायचं. बाजारात वांगं हातात फिरवून बघतात ना, तसं दोघी मला बघायच्या.

प्राइमर ही वस्तू तुमच्या माहितीची असेलच. माझ्या नव्हती. पन्नाशीपर्यंत मी भिंतीला लावायचाच प्राइमर पाहिला होता. चेहऱ्याचाही असतो, मेकअपच्या आधी लावायचा, म्हणजे त्वचेवरची छिद्रं बुजल्यासारखी दिसतात. “बुजत नाहीत हो, दिसतात,” हे वहिनींचंच वाक्य. खोटी आशा त्या कोणाला दाखवत नसत.

वहिनी नाशिकच्या. यजमान गॅस कंपनीत. दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मराठी घरांत हळदीकुंकू असो की कोणाचा वाढदिवस, फोटो वहिनीच काढणार हे ठरलेलं. “सरका आत. भावोजी, पोट. अजून. हं, आता श्वास घेतलात तरी चालेल.”

तुम्हीही या ना फोटोत, असं आम्ही म्हणायचो. “फोन भावोजींच्या हातात देऊ? परवा सगळ्यांची डोकी उडवलीत,” म्हणून त्या विषय संपवायच्या. आरोप खरा होता. माझ्या फोटोत माणसं गळ्यापर्यंतच येतात.

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. पेढे घेऊन आल्या, बसल्या आणि चहाच्या कपात बघत म्हणाल्या, “वरमाईला फोन घेऊन समोर उभं राहता येत नाही, नाही का?”

कॉलेजात असताना त्यांना मुरमं आली होती. मुरमं गेली, गालांवर मोठाली छिद्रं राहिली. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला होता, “ताई, पदर जरा गालावर घ्या.” तो फोटोग्राफर आज कुठे असेल कोण जाणे. पण त्या दिवसापासून वहिनी कॅमेऱ्याच्या पलीकडे गेल्या त्या गेल्याच. आता लग्नापर्यंत गालांना चालेल असा प्राइमर शोधायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी निवडलं माझं नाक.

“तुमच्या नाकावर जे टिकेल ते जगात कुठेही टिकेल, भावोजी.”

“तुमच्या साहेबांचं नाक का नाही?” मी विचारलं.

“त्यांच्या नाकाला छिद्रच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं एक चांगलं निघालं.”

मॉलमधून त्या नमुने मागून आणायच्या, छोट्या डबीत. त्यातला एक माझ्या नाकाच्या एकाच बाजूला लावायचा, दुसरी तुलनेला कोरी; लावलेली बाजू कुठली ते नंतर बायकोने ओळखायचं. “थापा. चोळू नका. भांडी घासताय का?” आणि मग, “यल्ला, चला, पार्किंगला एक चक्कर.” त्यांचं म्हणणं असं की एसीत तर काहीही टिकतं; दोह्यात खरी परीक्षा लिफ्टपासून गाडीपर्यंत. मी भर दुपारी पार्किंगमध्ये नाक वर करून फिरायचो. वॉचमन मला सलाम करायचा थांबला.

एकदा सनस्क्रीन मुरायच्या आत वर प्राइमर लावला, तर खोडरबरचा निघतो तसा भुगा निघाला. मी तो घेऊन मुशैरिबच्या ऑफिसात मीटिंगला बसलो. समोरच्याने न मागता टिशूचा डबा पुढे सरकवला. मुलगी तर म्हणाली, “बाबा, युअर नोज इज हाफ फिल्टर्ड.” तरी मी मागे हटलो नाही. खरं सांगू, या वयात कोणी आपल्याकडे इतकं निरखून बघत नाही.

शेवटी एक पास झाला. जाड, मऊ, पार्किंगलाही न डगमगणारा. वहिनींनी मोठी ट्यूब आणली आणि पहिल्यांदा स्वतःच्या गालांना लावला.

दुसऱ्या दिवशी दारात आल्या त्या ओढणी तोंडावर घेऊन. “खलास. गालावर पापुद्रे सुटले. तुमच्या नाकाने फसवलं मला.”

बायकोने त्यांना बसवलं. “अहो, यांचं नाक म्हणजे तेलाचा घाणा. तुमचे गाल कोरडे. तोंड तुमचं आहे, तर परीक्षा यांची कशाला?”

वहिनी ओढणीचं टोक पिळू लागल्या. मग म्हणाल्या, “माझ्या तोंडावर लावला, तर तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.”

बायकोने ओढणी त्यांच्या हातातून सोडवली. ती म्हणाली, “मग बघू की. उद्या या, एका गालाला लावून.”

दुसऱ्या दिवशी वहिनी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. “कुठली बाजू?” असं पुटपुटल्या, इतक्या हळू की नेहमीचा तो आवाज त्यांचाच का, असं वाटावं. माझ्या नाकाची नोकरी गेली. पुढे कोरड्या गालांना मानवणारा एक पातळ, दुधासारखा प्राइमर सापडला. तोवर यजमानांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि घराचं सामान नाशिकसाठी खोक्यांत गेलं होतं.

लग्नाला आम्हाला जाता आलं नाही, रजाच मिळेना. पण फोटो आला. वहिनी अगदी मध्यभागी, सुनेच्या खांद्यावर हात, तोंडभर हसताहेत. पदर जिथे असायला हवा तिथेच. खाली लिहिलं होतं, “सवयीने एकाच गालाला लावला आणि गुरुजींनी हाक मारली. तशीच उभी राहिले. कुठली बाजू?”

आम्ही तिघांनी फोटो मोठा करकरून पाहिला. “आय कान्ट टेल,” मुलगी म्हणाली. मला सगळ्यात जास्त अनुभव, पण मलाही सांगता आलं नाही.

यंदा गणपती आमच्या घरी होता. आरती झाली, प्रसाद झाला आणि सगळे आपोआप एका ओळीत उभे राहिलो. कोणी ओढणी सारखी केली, कोणी मुलांना पुढे ओढलं, सगळे हसून तयार. थोडा वेळ तसेच उभे होतो, तेव्हा लक्षात आलं की समोर कोणीच नाही.

मी पोट आत घेऊन थांबलो होतो.