गप्प बसायचं प्रशिक्षण

इर्मेलीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. साडेतीन वर्षं घासून आरोग्यशिक्षण शिकली, तीस वर्षं पूर्व फिनलंडच्या तळ्याकाठची गावं पालथी घातली. मीठ कमी करा, लोणी आवरा, गोळ्या चुकवू नका, सांगून सांगून घसा बसला. आणि दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेल्या कुण्या गुळगुळीत प्रशिक्षकाने दोन दिवसांत ते सगळं पुसून टाकलं. सांगायचं नाही म्हणे! फक्त विचारायचं, 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. आता बोला! आमच्याकडच्या अबोल पुरुषांसमोर गप्प बसायचं, तर डबा बांधूनच जायला हवं.

आज ती तौनोच्या स्वयंपाकघरात बसली होती. एकाहत्तर वर्षांचा, एकटा राहणारा माणूस. रक्तदाब दोनशे चौदा! दोनदा मोजला, दोन्ही वेळा तोच. याला आजच्या आज इस्पितळात हलवायलाच हवं होतं.

"तौनो, हा आकडा बघून तुम्हाला काय वाटतं?" तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं.

तौनोने खिडकीबाहेर पाहिलं. कॉफी ओतली. पाच मिनिटं गेली, आठ गेली. इर्मेली दातओठ खात बसून राहिली.

"बर्फ लवकर वितळणार यंदा," तौनो म्हणाला.

"आणि तब्येतीबद्दल?"

तौनोने खारवलेल्या माशाचा तुकडा भाकरीवर ठेवला आणि त्यावर वरून मीठ भुरभुरवलं. वरून मीठ! इर्मेलीचा संयम संपला.

"खड्ड्यात गेलं ते प्रशिक्षण!" ती ताडकन उठली. "ठेवा ती भाकरी! संध्याकाळपर्यंत डोक्यातली नस फुटेल तुमची. कोट चढवा आणि माझ्या गाडीत बसा. आत्ताच्या आत्ता!"

तौनोने मुकाट्याने भाकरी खाली ठेवली, चूल बंद केली, कोट घातला. हुज्जत नाही, काही नाही.

"एवढं गंभीर होतं, तर आधी सांगायचं ना, पोरी," दाराला कुलूप लावत तो म्हणाला. "मघापासून विचारत काय बसलीस? मला वाटलं, गप्पा मारायला आलीस."

इर्मेलीला हसावं की कपाळ बडवावं कळेना. चुकलं ते त्या प्रशिक्षकाचं, असं मनात म्हणत तिने गाडीचं दार उघडलं.

तौनो पट्टा लावून बसला.

"माझ्या बायकोला, हिल्मालाही तू असंच विचारलं होतंस, मागच्या शरदात," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ती म्हणाली, बरं वाटतंय. तू लिहून घेतलंस आणि गेलीस. दहाव्या दिवशी ती गेली. तिच्यावर का नाही ओरडलीस?"

इर्मेलीने किल्ली फिरवली. हिल्माचा चढलेला आकडा तिने त्या दिवशी पाहिला होता.